उसना घेतलेला आवाज

आदिलाबादेत केबलवर आमचा कार्यक्रम रात्री साडेदहाला लागायचा, आणि आम्ही तो संध्याकाळी सहाला रेकॉर्ड करायचो. हे कोणाला खरंच वाटायचं नाही. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "बाई, एवढ्या रात्री घरी कशा जाता तुमी?" मी सांगायचे, तेव्हा मी घरीच असते, भाकरी करून, जेवून, तुमच्यासारखीच टीव्हीपुढे बसलेली असते. "मंग तो मागचा चंद्र?" तो पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून पत्र्यावर काढून घेतला होता. चंद्राच्या खाली दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर तांब्या. भिंतींना घराघरांतून मागून आणलेल्या गोधड्या टांगलेल्या, कारण खालच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या आणि ऑटो जायचे आणि त्यांचा आवाज थेट माइकमध्ये शिरायचा. एवढाच आमचा स्टुडिओ.

माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, वडील मास्तर झाले, आणि मीही मास्तरीणच व्हायचं हे घरात ठरून गेलेलं होतं. तशी मी झालेही. एका खाजगी शाळेत सहा वर्षं शिकवलं. पण जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी मी विहारापुढे लहान नाटुकली बसवायचे, आणि लोक पोट धरून हसायचे. एका वर्षी केबलची माणसं शूटिंगला आली होती. त्यांच्या मालकाने ती कॅसेट पाहिली आणि मला निरोप धाडला. गेले तर म्हणाला, "मॅडम, नौ बजे के बाद सब बाहर का ही चलता है. कुछ अपना बनाओ, जिसमें अपने लोग हँसें."

मी हो म्हटलं आणि घरी येऊन घाबरले. नवरा म्हणाला, "शाळा सुटल्यावर करायचं ना? मग कर. नाही जमलं तर शाळा आहेच." त्याच्या त्या साध्या बोलण्यावर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली. दोन वर्षांत शाळा सुटली आणि कार्यक्रम राहिला.

कार्यक्रम चालवायला माणूस मिळाला तो महसूल ऑफिसातला कारकून. नार्नूरकडच्या कापूस-ज्वारी करणाऱ्या घरातला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. भाऊंचा चेहरा कधी हलायचा नाही. दिवसभर ऑफिसात जी जुनी निजामी भाषा कानावर पडायची, तीच ते घरगुती भांडणांना लावायचे. "सासूची दरख्वास्त दाखल. सुनेला समन्स तामील. पेशी उद्या सकाळी, चुलीपुढे." एवढं म्हणून ते तांब्यातलं पाणी प्यायचे, आणि आमचा कॅमेरामन हसू आवरायला गोधडीत तोंड खुपसायचा.

प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय, हे मला कोणी शिकवलं नाही. मी लिहायचे, खुर्च्या पुसायचे, कॅसेटवर नाव-नंबर घालायचे, आणि कोणता विनोद ठेवायचा, कोणता काढायचा हे ठरवायचे. शेवटचं काम सगळ्यांत अवघड. मी तीन गोष्टी वर्ज्य केल्या होत्या. कोणाची जात नाही, कोणाचा देव नाही, कोणाच्या शरीराचं व्यंग नाही. तेवढं पाळलं की आपण कोणाला दुखवत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

बसस्टँडवरच्या मामांची नक्कल या तिन्हीत बसत नव्हती.

मामा म्हणजे स्टँडवर माइकवरून गाड्या सांगणारे. सगळं गाव त्यांना माइकवाले मामा म्हणायचं. काचेच्या लहानशा केबिनमध्ये बसायचे. थंडी असो नसो, गळ्यात मफलर. आधी माइकवर बोटाने दोनदा टकटक, मग घसा खाकरल्यासारखं एक "हं", आणि मग गाडी. आधी तेलुगूत, मग हिंदीत, आणि मग मराठीत. मराठीत सांगायचा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता, ते आपल्या मनाने सांगायचे. "नार्नूर, नार्नूर, नार्नूर. नार्नूरले जानारी गाडी पाच नंबरले लागून राह्यली हाय. घाई करू नका. आदी लेकरं, मंग म्हातारे, मंग आपन." आदिलाबादेत राहून हा आवाज ज्याच्या कानात नाही, असा माणूस मिळाला नसता.

भाऊंनी एकदा रेकॉर्डिंग संपल्यावर सहज तो आवाज काढला. मी दचकून खिडकीकडे पाहिलं, इतका हुबेहूब. दुसऱ्याच दिवशी मी त्यावर कार्यक्रमासाठी एक पान लिहिलं. भाऊंच्या गळ्यात मफलर, स्टुलावर माइक. टकटक. हं. "गुडीहत्नूरले जानारी गाडी बेज्जूरले गेली हाय. बेज्जूरची गाडी डायवर शोधाले गेली हाय. डायवर घरी जेवाले गेला हाय. नार्नूरची गाडी काल सुटली. ज्यायले जाचं हाय, त्यायनं काल यावं."

लोक वेडे झाले. आठवड्यातून एकदा म्हणून सुरू केलेलं ते दोन मिनिटांचं पान रोजचं झालं. चहाच्या टपरीवर, शाळेच्या मैदानात, लग्नाच्या पंगतीत लोक टकटक करून "काल यावं" म्हणायला लागले. मालक खूश. मी तर जास्तच. मी मामांना जाऊन एकदा विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आपण त्यांना प्रसिद्ध केलं, असंच मला वाटत होतं.

असे दोन-अडीच महिने गेले. थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी रेकॉर्डिंग चालू होतं. भाऊ मफलर गुंडाळून बसलेले, "नार्नूर, नार्नूर" नुकतंच सुरू झालेलं. तेवढ्यात जिन्यावर कोणीतरी धावत वर येत असल्याचा आवाज आला. पायात चप्पल नसावी असा. दार ढकललं गेलं आणि एक बाई आत आली. पन्नाशीची, पदर खांद्यावरून सुटलेला, धाप लागलेली. चेहरा असा काही उजळलेला की मी टेप थांबवायचं विसरले.

तिने खुर्चीकडे पाहिलं. मफलरमधल्या भाऊंकडे पाहिलं. आणि तो उजेड गेला. दिवा काढून न्यावा तसा गेला.

ती दाराला टेकली. "मले वाटलं तेच आत बसले हायत," म्हणाली. "खालून आवाज आईकला. मले वाटलं, भेटले."

त्या मामांच्या बायको होत्या. मामा कालपासून घरी नव्हते.

भाऊंनी मफलर काढला आणि हातात धरून उभे राहिले. ठेवायचा कुठे, हे त्यांना कळत नव्हतं. मी मामींना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. सांगायला लागल्या. काल पहाटे मामा नेहमीसारखे ड्युटीवर गेले. डबा घरीच राहिला म्हणून दुपारी पुतण्याला पाठवलं तर स्टँडवर मामा नाहीत. केबिनची किल्ली कंट्रोलरच्या टेबलावर ठेवून सकाळीच निघून गेले, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. कुठे, कोणाला माहीत नाही.

"नातेवाइकांकडे पाहिलं का?" मी विचारलं.

"पाह्यलं. विहिरी बी पाहून झाल्या," मामी म्हणाल्या.

त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मामी, काही बोलले होते का घरी?"

"ते घरी कवाच जास्त बोलत नव्हते. पन आठ-पंधरा दिवसांपासून पार बोलणं बंद. मी म्हनलं, काऊन? तं म्हने, घसा दुखते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी हासवलं ना लोकायले त्यायच्यावर. आता तुमीच शोधा."

मी म्हटलं, आज रात्रीच टीव्हीवर सांगते, फोटो दाखवते, कोणी ना कोणी पाहिलं असेल. मामींनी माझं मनगट पकडलं. "टीव्हीवर नका सांगू, बाई. लोक पुन्हा हासतील."

माझ्याकडे एकच साधन होतं, तेही निकामी झालं.

त्या रात्रीच्या कॅसेटमधून मी मामांचं पान काढून टाकलं आणि एक जुना भाग लावायला सांगितला. मालक म्हणाला, "एक दिन में लोग पूछेंगे." मी म्हटलं, विचारू द्या. आणि आम्ही तिघं, भाऊ, मामी आणि मी, पायीच स्टँडवर गेलो.

कंट्रोलर म्हणजे गाड्यांच्या वेळा पाहणारे साहेब, तेलुगू बोलणारे, पण मराठी समजणारे. त्यांनी आम्हाला पाहून आधी दार लावून घेतलं. मग जे सांगितलं ते मी ऐकायला नको होतं आणि ऐकणं भागही होतं. मामांनी माइक उचलला की हल्ली सगळा स्टँड हसायचा. पोरं टकटक करायची. मामा तेलुगूत सांगून झाले की कोणीतरी ओरडायचं, "मराठीत सांगा, काल यावं!" मामा निमूट सांगत राहायचे. आठवड्यापूर्वी एक म्हातारी संध्याकाळच्या नार्नूरच्या गाडीसाठी बसली होती. तिची लेक बाळंत व्हायची होती, तिकडून निरोप आला होता. मामांनी गाडी सांगितली, तेव्हा आजूबाजूचे हसले. म्हातारीने विचारलं, "माही गाडी का?" कोणीतरी म्हणालं, "नाई आजी, ते टीव्हीवालं आहे, मजाक करून राह्यले." म्हातारी बसून राहिली. गाडी गेली. ती शेवटची होती.

"मामा केबिनमधून उतरून आले," कंट्रोलर म्हणाले. "उट्नूरकडे जाणारी जीप शोधली, म्हातारीला स्वतः बसवून दिलं. पुढे काय झालं, ते आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते माइकवर बोलायच्या आधी फार वेळ थांबायचे."

भाऊ मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "नार्नूर माहं गाव हाय, साहेब. माह्याच गावच्या म्हातारीची गाडी चुकवली मी."

कंट्रोलरनी मग जे केलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्या वेळी मोबाइल नव्हते. आतल्या कितीतरी गावांत साधा फोनही नव्हता. पण गाड्या सगळीकडे जायच्या. त्यांनी त्या संध्याकाळी सुटणाऱ्या आणि सकाळी सुटणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला तोंडी निरोप दिला. माइकवाले मामा दिसले का, कोणी नेलं का, विचारत जा, आणि समोरून येणाऱ्या गाडीला सांगत जा. रस्त्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या की ड्रायव्हर गाडी थांबवून खिडकीतून बोलतात, ते आपण प्रवासात कितीदा पाहतो आणि वैतागतो. त्या दोन दिवसांत त्या खिडक्यांवर माझा जीव टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी बसू शकले नाही. स्टँडवरच्या बाकावर मामींच्या शेजारी बसून राहिले. केबिनमध्ये कोणी दुसराच माणूस कागदावरून वाचून दाखवत होता, फक्त तेलुगूत. मराठी बायका एकमेकींना विचारत फिरत होत्या. मी उठून त्यांना गाड्या दाखवायला लागले. त्या दिवशी मला कळलं की मामांचं काम किती आहे. एका तासात माझा घसा बसला, आणि तरी दोन बायका चुकीच्या गाडीत चढल्याच.

दुपारी कागजनगरहून आलेली गाडी लागली. कंडक्टर उतरून थेट कंट्रोलरकडे गेला आणि कंट्रोलरनी आम्हाला हात केला. परवा संध्याकाळी मफलर घातलेला एक माणूस बेज्जूरच्या गाडीत होता. शेवटपर्यंत तिकीट काढलेलं. उतरताना ड्रायव्हरला म्हणाला, गाडी सावकाश ने. कंडक्टर नवीन होता, त्याने ओळखलं नव्हतं. पण ड्रायव्हर म्हणाला होता, हा आवाज कुठेतरी ऐकलाय.

मामी एकदम म्हणाल्या, "बेज्जूर! तिथं त्यायचा दोस्त हाय. जुना डायवर. मी कशी इसरली!" आणि पहिल्यांदाच रडल्या.

त्या वेळी जायला गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली, उट्नूर, आसिफाबाद, कागजनगर. आदिलाबादचा नकाशा हातात घेऊन पाहिला तर वाटतं जवळ आहे, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीत बसून जा म्हणजे समजतं. उट्नूरनंतर गाडीत चार-पाच तरुण चढले आणि त्यांनी भाऊंना ओळखलं.

"अरे, टीव्हीवाले! करून दाखवा ना, भाऊ. नार्नूर, नार्नूर!"

भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले. पोरं सोडेनात. "एकदाच! टकटक तं करा!"

भाऊंनी हात जोडले. "आज नाई, बाबू. घसा दुखते," म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांचा चेहरा पडला. मामांनी घरी नेमकं हेच सांगितलं होतं. मामी शेजारच्या सीटवर होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुमी मुद्दाम नाई केलं, ते समजते मले. पन लई सारखं बोलता तुमी. मीच फसली तं लोक काऊन नाई फसनार?"

मला वाटत होतं त्या ओरडतील, शिव्या देतील. त्यांनी तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

बेज्जूरला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जुन्या ड्रायव्हरचं घर कोणीही दाखवलं असतं, पण मामी विचारत थांबल्याच नाहीत. एका कुडाच्या कुंपणापर्यंत गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. अंगणात बाजेवर मामा बसले होते. पुढे सुपात तुरीच्या ओल्या शेंगा. सोलून दाणे ताटात टाकत होते. गळ्यात मफलर नव्हता. ते बिनमफलरचे इतके वेगळे दिसत होते की मी क्षणभर ओळखलं नाही.

मामी आत गेल्या आणि म्हणाल्या, "जेवले का?"

मामांनी वर पाहिलं. "हो," म्हणाले. मग, "तू कशी आली?"

 मी कुंपणाशी खाली मातीतच बसले. तीन दिवस छातीवर जे बसलं होतं, ते उठून गेल्यासारखं झालं आणि मला हसू यायला लागलं. रडूही येत होतं, पण हसू जास्त. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, उठा. कपडे खराब होतात." आणि स्वतःही माझ्या शेजारी बसले.

मामी तोपर्यंत मामांना अशा बोलत होत्या की शेजारपाजारची माणसं कुंपणावर आली. मामा शेंगा सोलत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सांगूनच आलो ना मी. सुट्टीचा अर्ज टेबलावर ठेवला, आन तुले पोस्टकार्ड टाकलं कागजनगरातून."

"कुठी हाय पोस्टकार्ड?"

"येईन ना. पोस्टानं येते ते."

अर्ज नंतर सापडला. किल्लीच्या खाली ठेवलेला होता. कोणीतरी किल्ली उचलली, आणि कागदावर गाड्यांचं रजिस्टर ठेवलं. पोस्टकार्ड आम्ही परत आल्यावर चौथ्या दिवशी आलं. त्यात लिहिलं होतं की मी सुखरूप आहे, काळजी करू नये, बकरीला वेळेवर पाला टाकावा.

जुन्या ड्रायव्हरच्या घरच्यांनी आम्हाला चहा दिला, उकडलेल्या शेंगा दिल्या. मग भाऊ मामांसमोर जाऊन उभे राहिले. मी बरंच बोलायचं ठरवून आले होते, पण भाऊ एवढंच म्हणाले, "मामा, चुकलो."

मामांनी त्यांना बाजेवर जागा करून दिली. "बसा. तुमी माह्यासारखं बोलता, त्याचं मले काई नाई. बोलणं काई माहं एकट्याचं हाय का? पन तुमी माह्या तोंडून गाडी चुकीची सोडली." त्यांनी एक शेंग सोलून दाणे ताटात टाकले.  "इतकी वर्सं झाली, माह्या तोंडून गाडी चुकली नाई. उशिरा आली तं उशिरा सांगतली. रद्द झाली तं रद्द सांगतली. लोक मले मानत नव्हते, पन माह्या सांगन्याले मानत होते. आता मी खरं सांगतो तं हासतात. मंग मी तिथं बसून काय करू?"

मी म्हटलं, "मामा, आम्ही कार्यक्रमात तुमची माफी मागू."

"माफी कायले?" मामा म्हणाले. "लोकायले फक्त येवढं सांगा, का टीव्हीवरची गाडी खोटी, स्टँडवरची खरी."

"ते तुम्हीच येऊन सांगाल का?"

मामांनी नाही म्हटलं. मामी म्हणाल्या, "जा. लोकायले पाहू द्या, कोन हाय ते." मामा ताट पूर्ण भरेपर्यंत विचार करत होते, हे दिसत होतं.

मालकाचं म्हणणं होतं की कॉमेडीच्या वेळेला असलं काही लावलं तर लोक चॅनल बदलतील. मी म्हटलं, एक दिवस बदलू द्या. नाही जमलं तर मी शाळेत परत जाते. त्या वेळी ते मी खरंच मनापासून बोलले होते. तीन दिवसांत माझं कामावरचं प्रेम पार आटलं होतं.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पत्र्याच्या चंद्राखाली बसले, तांब्याकडे, गोधड्यांकडे बघत. भाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलं की मी यांचा आवाज यांना न विचारता घेतला, आणि त्यापायी एका आजीची गाडी चुकली. मग मामांकडे वळून विचारलं, "मामा, तुमी मराठीत काऊन सांगता? वरून हुकूम तं नाई."

हा प्रश्न मी लिहून दिलेला नव्हता. त्या दिवशी मी काहीच लिहून दिलं नव्हतं.

मामांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सीमेकडच्या गावची एक बाई सकाळपासून दुपारपर्यंत स्टँडवर बसली होती, लेकराला मांडीवर घेऊन. तिची गाडी तिच्यासमोरून तीनदा गेली. मामांनी तीनदा तेलुगूत सांगितलं, तीनदा हिंदीत. तिला विचारलं तर म्हणाली, "तुमी बोलून राह्यले ते आईकू येते, पन ते मले म्हनून राह्यले हे कसं समजावं?" त्या दिवसापासून मराठीत. मग ते बोलतच गेले. कोणत्या गावाचं नाव लोक चुकीचं घेतात, कोणत्या गाडीला बाजाराच्या दिवशी कोंबड्या जास्त असतात, एका नवरदेवाची वरात कशी चुकीच्या गाडीत बसली आणि दुसऱ्याच गावच्या लोकांनी तिचं स्वागत कसं केलं. आमचा कॅमेरामन हसायला लागला, भाऊ हसायला लागले. भाऊंना कॅमेऱ्यापुढे हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि मामाही हसले. बारा मिनिटांचा भाग पस्तीस मिनिटांचा झाला. मी एक शब्द कापला नाही.

लोकांनी चॅनल बदललं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्टँडवर गेले आणि लांब उभी राहिले. मामांनी माइक घेतला. दोघा-तिघांनी टकटक केली. एका म्हाताऱ्याने त्यांना दटावलं, "गप ना बे, गाडी आईकू दे." एवढंच झालं. मग गाडी लागली आणि लोक उठून चढले.

त्यानंतर आमचा कार्यक्रम बदलला. नकला पूर्ण गेल्या नाहीत. भाऊ स्वतःच्या ऑफिसची, स्वतःच्या सासऱ्यांची नक्कल करत राहिले, सासऱ्यांची तर परवानगी घेऊन. पण दुसऱ्या खुर्चीवर रोज कोणीतरी बसायला लागलं. बोअरचे पंप दुरुस्त करणारा, आतल्या गावांत औषधं नेणारी नर्स, ढोल वाजवणारे गोंड म्हातारे, ज्यांचं बोलणं त्यांचा नातू समजावून सांगायचा, तीस वर्षं एकाच ठिकाणी कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणारा माणूस. रात्री साडेदहाला लोक आपल्याच गावच्या माणसाचं बोलणं ऐकत झोपायला जायचे. हसूही व्हायचं, आधीपेक्षा जास्तच. पण आता ज्याच्यामुळे हसायचे तो समोर बसलेला असायचा, आणि आधी तो हसायचा.

म्हातारीचा शोध भाऊंनी लावला. नार्नूरला जाऊन आले आणि जिन्यावरूनच ओरडत वर आले, "ताई, नात झाली! म्हातारी पोचली होती येळेवर. जीप गाडीच्या आदीच पोचली!" त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या आधी आम्ही खालच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी भजी मागवली.

पुढे मी हैदराबादेत एका मोठ्या चॅनलसाठी चार वर्षं विनोदी कार्यक्रम केले. तिथले लेखक हुशार होते, भराभर लिहायचे. कोणी खऱ्या माणसावर पान आणलं की मी विचारायचे, "त्याला दाखवलं का?" ते म्हणायचे, मॅडम, असं कोणी विचारतं का? बरीच पानं परत जायची. माझ्या पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात, हे मला माहीत होतं. तसं म्हटलं तर ते खोटंही नव्हतं. मग सासूबाई आजारी पडल्या आणि मी आदिलाबादला परत आले, आणि खरं सांगायचं तर आनंदाने आले. भाऊ तोवर ऑफिसातून रिटायर झाले होते आणि रोज संध्याकाळी मोकळे होते. आम्ही पुन्हा सुरू केलं.

राज्य वेगळं होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत आंदोलनापायी रस्ते सारखे बंद असायचे. पाहुणे पोचत नसत, वीज जायची. तरी कार्यक्रम चालू राहिला. एक दिवस मालकाच्या मुलाने सांगितलं की आता लोक मोबाइलवर बघतात, हे बंद करू. मला वाईट वाटेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. घरी आले, नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता?"

मी म्हटलं, "आता साडेनवाला झोपू." आणि त्या दिवशी खरंच झोपले, आणि सकाळी उन्हं दारात येईपर्यंत उठले नाही.